‘दिखावा’ म्हणालात म्हणून : जॉपलिन टर्मिनलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. जॉपलिन या नोंदी ठेवायच्या ॲपमधल्या नोंदी टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या काळ्या पडद्यावरून, कशा सांभाळायच्या, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. उत्तराला दोन दिवस लावले, कारण हे सगळं ‘दिखावा’ आहे असं आपण म्हणालात, आणि त्याच रात्री लिहिलं असतं तर शब्द आवरले नसते.

आधी माझी चूक. आधीपासून असलेल्या वहीत नोंद घालण्याच्या भागात मी ‘एमकेनोट’ (नवी नोंद करणारी कमांड) आधी आणि ‘यूज’ (वही निवडणारी) नंतर लिहिलं होतं. ‘एमकेनोट’ त्या क्षणी जी वही चालू असेल तिच्यात नोंद टाकतं, म्हणजे माझ्या क्रमाने गेलं तर खताची नोंद दवाखान्याच्या वहीत जाणार. आपण बरोबर पकडलंत. क्रम बदलला आहे.

एन्क्रिप्शनवर, म्हणजे नोंदी कुलूपबंद करण्यावर, का लिहिलं नाही, हा आपला दुसरा प्रश्न. लेखाचा तो विषयच नव्हता. ‘ई-टू-ई-ई इनेबल’ ही कमांड आहे, ज्याला हवी तो चालवेल. टर्मिनल ॲपसाठी आधी ‘नोड’ हे सॉफ्टवेअर बसवावं लागतं, ही आपली तक्रार तर मला तक्रारच वाटत नाही.

आता आपलं ते वाक्य. जसंच्या तसं देतो : “मोबाइलवर एका टॅपने होणारं काम काळ्या पडद्यावर टाइप करून दाखवणं हा निव्वळ दिखावा आहे, आणि जळगावकडच्या पोरांना हे शिकवून तुम्ही त्यांचा वेळ घालवताय.”

मुद्दा पटला नाही म्हणा, चालेल. पण दिखावा कोणापुढे? मी यावल तालुक्यातल्या केळीवाल्या घरातला. भारनियमनाच्या दिवसांत कॉम्प्युटर शिकलो. रात्री वीज यायची तेव्हा उठून बसायचं, आणि जाईल त्याच्या आत काम उरकायचं. माउसने खिडक्या उघडत बसण्याइतका वेळच नसायचा. कमांड वहीत लिहून ठेवायच्या आणि वीज आली की धडाधड मारायच्या. काळा पडदा मी मिरवायला घेतला नाही. त्या तासाभरात तोच कामाला आला. आणि “जळगावकडची पोरं” हे शब्द आपण ज्या सुरात लिहिलेत, तो सूर मला नोकरीच्या पहिल्या वर्षापासून ओळखीचा आहे. यांना सोपं काहीतरी द्या, अवघड आम्ही बघतो, असा तो सूर. तो माझ्यापुढे लावू नका.

मोबाइलला मी नाही कुठे म्हटलं? माझे नाना सगळ्या नोंदी मोबाइलवरच करतात. बागेत उभे राहून लिहितात : कांदेबाग (केळीची पावसाळ्यानंतरची लागवड), लागवडीची तारीख, कोणत्या ओळीत निसवण (घड बाहेर पडणं) मागे आहे, पिलबागेला (जुन्या झाडांच्या पिलांवर धरलेल्या बागेला) कधी काय दिलं. ते जॉपलिनच्या मोबाइल ॲपमध्ये लिहितात, सिंक होतं, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी जुळतात, आणि जळगावात माझ्या टर्मिनलवर येतं. लिहायला मोबाइल चांगलाच आहे. प्रश्न लिहून झाल्यावर सुरू होतो, आणि माझा लेख त्याबद्दल होता.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. बांधावर ट्रक उभा, मजूर घड वाहताहेत, आणि व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, भाव बोलणी झाली त्या दिवशीचा. नाना म्हणतात, कापणीच्या दिवशीचा, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या भावावर. फोन मला आला. मी दर महिन्याला सगळ्या नोंदी मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फायलींत, एक्सपोर्ट करून ठेवतो, त्या फोल्डरवर ‘ग्रेप’ ही शब्द शोधणारी कमांड मारली : बऱ्हाणपूर. माझ्या स्वतःच्या चार नोंदी आल्या. नानांची एकही नाही. फोनवर नाना सांगताहेत, “मी लिहिलंय, बघ नीट.” शेवटी पहिली दोन अक्षरं सोडून नुसतं ‘हाणपूर’ टाकलं, आणि नोंद समोर आली. तारीख, भाव कापणीच्या दिवशीचा, वर फरक किती, सगळं. फोनवरूनच वाचून दाखवलं. तो माणूस पुढे काही बोलला नाही.

नानांची नोंद आधी का आली नाही? कारण माझा ‘बऱ्हाणपूर’ आणि नानांचा ‘बर्‍हाणपूर’ डोळ्यांना सारखे दिसले तरी कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द आहेत. माझ्या कीबोर्डने ‘ऱ’ हे युनिकोडमधलं (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतलं) स्वतंत्र अक्षर घेतलं. नानांच्या कीबोर्डने साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकलं. दुसऱ्या, तिसऱ्या, शेतकऱ्याला, व्यापाऱ्याचा, पायऱ्या, वाऱ्याने : मराठीत असे शब्द पावलोपावली आहेत. हिंदीत हे अर्ध्या र-चं रूप लागत नाही, म्हणून तिकडून आलेल्या माहितीत याचा उल्लेख सहसा सापडत नाही. आपल्या मोबाइलमध्ये पाच वर्षांच्या मराठी नोंदी असतील आणि मधे कीबोर्ड बदलला असेल, तर त्यातल्या काही शोधात आपल्याला न दिसण्याचा धोका आहे. दिसत नाहीत म्हणून त्या नाहीतच, असं आपण धरून चालणार.

त्या रात्री मी सहाशेवर नोंदी दुरुस्त केल्या. ‘एलएस’ने यादी घेतली, ‘कॅट’ने एकेक मजकूर बाहेर काढला, ‘सेड’ने जोडचिन्हवाला ‘र्‍’ असेल तिथे ‘ऱ्’ घातला, ‘सेट’ने मजकूर परत जागेवर ठेवला आणि शेवटी ‘सिंक’. आठ ओळींची स्क्रिप्ट. आधी बॅकअप घेतला होता, तोही एका कमांडने. हे काम बोटाच्या टॅपने करायचं तर नोंद उघडा, शब्द शोधा, खोडा, लिहा, बंद करा, असं सहाशे वेळा. आपण स्वतः करून दाखवा, मग दिखावा कशाला म्हणायचं ते ठरवू.

आणखी एक. वेळ वाया जातो म्हणालात. जॉपलिनच्या आधी तीन वर्षं मी एका चकचकीत, फुकट ॲपमध्ये नोंदी ठेवल्या होत्या. ते बंद पडलं. बाहेर काढायला दिलेली मुदत माझ्या आजीच्या आजारपणात निघून गेली. तिने सांगितलेले लोणच्यांचे, बिबड्यांचे प्रमाण त्यात होते. ती आता नाही. तेव्हापासून जी नोंद मला माझ्या हाताने, माझ्या मशीनवर, साध्या मजकुरात बाहेर काढता येत नाही, तिथे मी काही लिहीत नाही. वेळेचा हिशोब मला शिकवू नका.

फैजपूरच्या, चोपड्याच्या ज्या मुलांनी लेख वाचून मेल केले, त्यांच्यापैकी एकीने टर्मक्समध्ये (अँड्रॉइडवर टर्मिनल देणाऱ्या ॲपमध्ये), मोबाइलवरच, लेखातल्या कमांड चालवून बघितल्या. तिच्याकडे लॅपटॉप नाही. आपल्या प्रतिक्रियेत तिच्यासाठी जागा नव्हती.

एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी : जॉपलिनचं टर्मिनल ॲप आणि डेस्कटॉप ॲप आपापला वेगळा डेटाबेस ठेवतात. एकातली नोंद दुसऱ्यात हवी असेल तर दोन्हीकडे सिंक लावावं लागतं. हे मूळ लेखात होतं. आपण तिथपर्यंत वाचलं नसावं, नाहीतर “टर्मिनलवर नोंदी दिसतच नाहीत” असं लिहिलं नसतंत.

स्क्रिप्ट उद्या लेखाखाली टाकतो. तोवर आपल्या ॲपमध्ये ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधा, मग नुसतं ‘दुस’ शोधून त्यातले ‘दुसऱ्या’ मोजा. दोन्ही आकडे इथेच लिहा.