ई-बस हव्यातच, पण त्या भरणार कशा?

पुणे परिसरात ई-बस वाढवल्या की उत्सर्जन आपोआप खाली येईल, असं एका लेखात वाचलं. हा सूर काही पटला नाही. आपल्याकडची बरीचशी वीज चंद्रपूर-कोराडीसारख्या वीजकेंद्रांत कोळसा जाळूनच येते. तरीही प्रवाशांनी भरलेली ई-बस चांगलीच, तेवढ्या दुचाक्या घरी राहतात. प्रश्न बस भरण्याचा आहे.

माझंच सांगतो. घरापासून मेट्रो स्टेशन जेमतेम दीड किलोमीटर. रिक्षावाला एवढ्या जवळ यायला तयार नाही. फुटपाथवर आधी वडापावची गाडी, मग विजेची डीपी, त्यापुढे खोदलेला खड्डा. शेवटी स्कूटर काढतो, आणि एकदा काढली की स्टेशनवर कशाला थांबा? थेट ऑफिस. आमच्या सोसायटीचं पार्किंग सकाळी दहाला बघा, रिकामं असतं.

खरी गोम वेगळीच आहे: वाहतूक वेगवेगळ्या हातांत, आणि घरं वाढली ती तिचा विचार न करता. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, २००७ मध्ये एक झाल्या, महानगराच्या नियोजनाचं पीएमआरडीए २०१५ ला आलं, मेट्रो २०२२ ला धावली. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रो मार्गिका पीएमआरडीएकडे, बाकीच्या महामेट्रो या सरकारी कंपनीकडे, लोणावळा लोकल रेल्वेची. घरं मात्र वाघोली-मांजरीकडे वाढत गेली आणि आयटीतल्या नोकऱ्या हिंजवडीला. रोज शहर आरपार ओलांडायचं, मग इंजिन कुठलंही असो! इमारतीला परवानगी देतानाच तिथे बस कधी येणार हे लिहून घ्या की.

तोवर निदान स्टेशनपर्यंत दर दहा मिनिटांनी एक छोटी बस सोडा. स्कूटर विकायची माझी तयारी आहे. (बायकोची नाही, ते वेगळं.)