‘एक प्रार्थना म्हणा आणि सुटा’: असं नेमकं कोण मानतं?

सध्या फिरत असलेला मजकूर थोडक्यात असा आहे: ‘ख्रिस्ती धर्मात तारण एकदम सोपं. एक छोटीशी प्रार्थना म्हणायची, येशूला तारणारा मानायचं, की सगळी पापं माफ आणि स्वर्ग पक्का. नंतर खून केला तरी चालतो. चांगल्या कामांना किंमत शून्य. आणि ज्यानं ही प्रार्थना म्हटली नाही तो कितीही सज्जन असो, नरकातच जाणार. जगातले सगळे ख्रिस्ती हेच मानतात.’

हे धादांत खोटं असतं तर दोन ओळींत निकाल लागला असता. पण यातला जवळपास प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या ख्रिस्ती गटाच्या शिकवणुकीतून मोडून-तोडून उचललेला आहे. ‘सगळे’ हा शब्द मात्र लिहिणाऱ्याच्या पदरचा. तारण, म्हणजे पापातून सुटका, हे नेमकं काय आणि ते कसं होतं, यावरून तर चर्च फुटलं, युद्धं झाली. त्यामुळे एकेक वाक्य घेऊन बघू.

‘एक प्रार्थना म्हटली की झालं’

बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागात, तारण कसं मिळेल हा प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात आणि दर वेळी उत्तर वेगळं मिळतं. एक श्रीमंत माणूस येशूला विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू? आज्ञा पाळ, असं उत्तर येतं. त्या तर मी लहानपणापासून पाळतोय, असं तो म्हणतो, तेव्हा येशू सांगतो: आहे नाही ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. यरुशलेमेत जमलेल्या गर्दीला येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा आणि बाप्तिस्मा, म्हणजे पाण्यानं दिली जाणारी दीक्षा, घ्या. फिलिप्पै इथला तुरुंगाचा अधिकारी थरथर कापत विचारतो, त्याला येशूचा प्रचारक पौल सांगतो, प्रभू येशूवर विश्वास ठेव. आणि त्याच रात्री त्याच्या घरादाराचा बाप्तिस्मा होतो. जक्कय हा मुख्य जकातदार, फसवून घेतलेलं चौपट परत करतो म्हणतो, त्यावर येशूचे शब्द आहेत की आज या घराला तारण मिळालं. कुणीतरी सांगायची आणि आपण मागून म्हणायची ठरावीक प्रार्थना यांपैकी एकाही ठिकाणी नाही.

मग ती आली कुठून? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स फिनी या प्रचारकानं सभेत पुढे एक बाक राखून ठेवायची पद्धत गाजवली. ज्याच्या मनात पापाची टोचणी लागली असेल त्यानं सगळ्यांदेखत उठायचं आणि तिथे जाऊन बसायचं. विसाव्या शतकात बिली ग्रॅहम यांच्या सभांमध्ये हजारो लोक स्टेडियमच्या पायऱ्या उतरून मंचासमोर येऊ लागले. शेवटच्या पानावर तयार प्रार्थना छापलेल्या पुस्तिकाही त्याच काळात घरोघर पोचल्या. म्हणजे मजकुरात वर्णन केलेली पद्धत खरी आहे, आणि ती इव्हँजेलिकल मंडळींची, म्हणजे वैयक्तिक परिवर्तनावर आणि सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंटांची आहे. तिचं वय दीड-दोनशे वर्षांपलीकडे जात नाही.

कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन, अँग्लिकन घरांत तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, त्याला कुठली प्रार्थना म्हणता येणार? उलट मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी हा ख्रिस्ती पंथ घ्या. नावातच मुक्ती, पण तिथे बाप्तिस्माच देत नाहीत! अमुक दिवशी माझं तारण झालं, असं अभिमानानं सांगणारे आहेत, तसेच हा प्रश्न विचारल्यावर गोंधळात पडणारे कोट्यवधी श्रद्धाळू ख्रिस्तीही आहेत.

तारीखवार तारणाचा सगळ्यांत प्रसिद्ध दाखला म्हणजे जॉन वेस्ली, मेथडिस्ट चळवळीचे जनक. 24 मे 1738च्या संध्याकाळी लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका छोट्या बैठकीला ते गेले, तेही मनाविरुद्ध. तिथे कुणीतरी बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्राला लूथरनं, म्हणजे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या जर्मन धर्मसुधारकानं, लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं. पावणेनऊच्या सुमारास आपल्या अंतःकरणात विलक्षण ऊब दाटून आली, अशी नोंद त्यांनी रोजनिशीत केली. ही नोंद सगळे सांगतात. सहसा कुणी सांगत नाही ती पुढची: 4 जानेवारी 1739ला त्याच रोजनिशीत वेस्ली लिहितात की मी आजही ख्रिस्ती नाही. ज्याच्याकडे दिवस, जागा, वेळ सगळं होतं, त्याच्या लेखीसुद्धा त्या संध्याकाळी विषय संपला नव्हता.

‘स्वर्ग पक्का, मग खून केला तरी चालतो’

हा आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावं काय? आणि लगेच सांगतो, मुळीच नाही. 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत, म्हणजे प्रोटेस्टंट पोरांनी पाठ करायच्या पुस्तकात, चौसष्टावा प्रश्नच असा आहे की या शिकवणुकीनं माणसं बेफिकीर आणि दुष्ट होणार नाहीत का. उत्तर: ख्रिस्ताशी जो जोडला गेला त्याच्याकडून कृतज्ञतेची फळं येणार नाहीत हे अशक्य.

‘पक्का’ या शब्दावरही एकमत नाही. कॅल्विन या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाच्या परंपरेनं 1618-19च्या डोर्टच्या धर्मसभेत ठरवलं की देवानं निवडलेला माणूस घसरेल, पण कायमचा सुटून जाणार नाही. वेस्लींच्या अनुयायांना हे मान्य नाही. मिळालेलं तारण माणूस गमावू शकतो, असं ते मानतात. आणि कॅथलिक चर्च तर म्हणतं की देवानं खास प्रकट केल्याखेरीज आपण कृपेत आहोत अशी निःशंक खात्री कुणालाच असू शकत नाही. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं हे 1547 साली लेखी केलं, पण त्याच्याही आधी या शिकवणुकीचा सापळा म्हणून वापर झाला होता. फेब्रुवारी 1431, फ्रान्समधलं रूआँ. एकोणिशीच्या आसपासची, लिहिता-वाचता न येणारी, फ्रेंच सैन्यासोबत लढलेली जोन ऑफ आर्क चर्चच्या न्यायासनासमोर उभी आहे. तिला विचारतात, तू देवाच्या कृपेत आहेस का? हो म्हटलं तर उद्धटपणा, नाही म्हटलं तर स्वतःच्याच तोंडून कबुली. ती म्हणाली: नसेन तर देव मला तिथे नेवो, असेन तर तिथेच ठेवो. तिथल्या लेखनिकानं पुढे साक्ष दिली की प्रश्न विचारणारेच थक्क झाले. ‘माझा स्वर्ग पक्का’ ही भाषा या मुलीच्या धर्मात बसतच नाही.

हेही मान्य करतो की अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल शिक्षकांनी, एकदा विश्वास ठेवला की पुढचं आयुष्य कसंही गेलं तरी तारण अबाधित, असं शिकवलं. पण 1980च्या दशकात त्यांच्यावर तुटून पडले ते त्यांचेच इव्हँजेलिकल भाऊबंद. त्याही आधी, 1937 साली, जर्मन लुथरन पाळक डीट्रिख बोनहोफर यांनी पश्चात्तापावाचून मिळणाऱ्या क्षमेला ‘स्वस्त कृपा’ म्हणून झोडपलं होतं. हिटलरविरोधी कटातल्या सहभागापायी 9 एप्रिल 1945ला त्यांना फाशी झाली.

‘चांगल्या कामांना किंमत शून्य’

इथे मजकूर लिहिणाऱ्यानं लूथर अर्धाच ऐकलाय. केवळ विश्वासानं माणूस नीतिमान ठरतो, हे लूथरचं म्हणणं खरं. क्रियांवाचून विश्वास निर्जीव, असं बजावणारं याकोबाचं पत्र त्याला इतकं अडचणीचं वाटलं की 1522 साली त्यानं त्याला गवताचं पत्र म्हटलं. पण वेस्लींनी त्या संध्याकाळी ऐकली त्याच प्रस्तावनेत लूथर म्हणतो की विश्वास ही जिवंत, सतत खटपट करणारी गोष्ट आहे; सत्कृत्यं करावीत का, हे विचारण्याआधीच तो ती करून मोकळा झालेला असतो. त्याचा आक्षेप सत्कृत्यांच्या जोरावर देवाकडे हक्क सांगण्याला होता.

याच्या जोडीला एक उलटा गैरसमजही फिरतो, की कॅथलिक लोक कामांनी स्वर्ग कमावतात. ट्रेंटच्या त्याच 1547च्या निर्णयाचा पहिलाच नियम सांगतो की कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो शापित. कॅथलिक म्हणतात ते एवढंच, की कृपा आत शिरली की माणूस खरोखर बदलतो आणि त्या बदलाला साथ देणं त्याच्या हातात असतं. 31 ऑक्टोबर 1999 रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात कॅथलिक चर्च आणि लुथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या: आपल्या पुण्याईमुळे नव्हे, केवळ कृपेनं देव आपल्याला स्वीकारतो आणि सत्कृत्यांसाठी समर्थ करतो. 2006 साली मेथडिस्ट, 2017 साली रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतली चर्चही त्यात सामील झाली. मतभेद उरलेत, पण एकमेकांना शाप देण्यापुरते नाहीत.

ऑर्थोडॉक्स चर्चला या भांडणाची मांडणीच परकी वाटते. न्यायालय, आरोपी, निकाल ही पश्चिमेची भाषा. त्यांच्या लेखी पाप हा आजार आहे आणि तारण म्हणजे बरं होत होत देवाच्या जीवनात सहभागी होणं. चौथ्या शतकात अथनासियस या बिशपनं लिहिलं, आपण देव व्हावं म्हणून तो मानव झाला. ही वाटचाल उपास, प्रार्थना, पापनिवेदन आणि पवित्र सहभागिता यांतून जन्मभर चालते. काम की विश्वास, हा प्रश्न तिथे काढलात तर समोरचा धर्मगुरू बहुधा विचारेल, वेगळे केलेत कुणी?

‘तारण म्हणजे मेल्यावर स्वर्ग’

मजकुरात हे गृहीतच धरलंय. पण नायसीन विश्वासांगिकार, म्हणजे बहुतेक चर्चना मान्य असलेलं जुनं श्रद्धा-निवेदन, संपतो तो मृतांच्या पुनरुत्थानावर आणि येणाऱ्या युगातल्या जीवनावर. बायबलचं शेवटचं पुस्तक असलेल्या प्रकटीकरणाच्या शेवटी माणसं वर जात नाहीत, नवं यरुशलेमच खाली उतरतं. 1971 साली पेरूच्या गुस्तावो गुतिएरेझ यांनी अन्यायातून सुटकेला तारणाचाच भाग मानून मुक्तीचं ईशज्ञान (लिबरेशन थिऑलॉजी) मांडलं, तेव्हा त्यांचा आधार मिसरच्या गुलामीतून सुटलेले इस्राएल लोक हा होता.

‘प्रार्थना न म्हणणारा नरकातच’

सगळ्या मजकुरात हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे. 1442 साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं खरोखरच जाहीर केलं होतं की कॅथलिक चर्चबाहेरचे सगळे अनंत अग्नीत जातील. त्यात इतर ख्रिस्तीही आले. ख्रिस्तासाठी रक्त सांडलं तरी सुटका नाही. त्या हिशेबानं मजकुरातली प्रार्थना म्हणणारा प्रोटेस्टंटसुद्धा वाचत नाही.

पण तेच चर्च पुढे कुठे पोचलं? बोस्टनचे लिओनार्ड फीनी हे धर्मगुरू, चर्चबाहेर तारण नाही, याचा शब्दशः अर्थ लावून बसले. 1949 साली रोमनं त्यांचा अर्थ नाकारला आणि 1953 साली त्यांनाच बहिष्कृत केलं. कागदोपत्री कारण आज्ञाभंगाचं. 1964 साली दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं लिहिलं की स्वतःच्या दोषाविना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे सद्‌सद्विवेकाला जागून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. ज्यांना अजून देवाचीच ओळख पटलेली नाही, तेही यात आले. शेवटी सर्वच परत देवाकडे येतील अशी आशा बाळगणारा निस्साचा ग्रेगरी चौथ्या शतकातला, आणि पूर्वेकडे-पश्चिमेकडे दोन्हीकडे संत म्हणून मानलेला. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी तर कधीच न संपणारी यातना मानत नाहीत; दुष्टांचा शेवटी नाश होतो, एवढंच मानतात.

ख्रिस्तावाचून तारण नाही, हे ठामपणे मानणारे आजही पुष्कळ आहेत. 1974च्या लॉझान करारनाम्यात इव्हँजेलिकल नेत्यांनी ते स्पष्ट लिहिलंय. मजकुरानं त्यांचं नाव घेऊन लिहिलं असतं, तर निदान त्या एका वाक्यावर त्यांच्याशी सरळ वाद घालता आला असता.