बिलिंग्जगेट म्हणजे घोटाळा नाही हो!

दोन दिवस झाले एक मेसेज फिरतोय की इंग्रजीतला 'बिलिंग्जगेट' हा शब्द अमेरिकेतल्या वॉटरगेट या राजकीय घोटाळ्यासारख्याच कुठल्यातरी बिलांच्या घोटाळ्यावरून आलाय. साफ चुकीचं आहे, प्लीज पुढे ढकलू नका. वॉटरगेट १९७२ चं, आणि बिलिंग्जगेट हा शब्द शिवीगाळ, घाणेरडी भाषा या अर्थाने सतराव्या शतकापासून वापरात आहे. बिलिंग्जगेट हा लंडनचा मासळी बाजार, थेम्सच्या काठावरचा, आणि 'गेट' म्हणजे जुन्या शहराची नदीकडची वेस, बस. तिथल्या मासेवाल्या बायका आणि हमाल यांच्या तोंडाची एवढी ख्याती झाली की बाजाराचं नावच शिव्यांना चिकटलं. आपल्याकडे शाळेत बाई ओरडायच्या ना, "काय मासळी बाजार भरवलाय?", तसंच काहीसं, फक्त आपण ते गोंगाटाला म्हणतो, शिव्यांना नाही. मला खरंच वाईट वाटतं, कारण भल्या पहाटे थंडीत, ओल्यात उभं राहून मासे विकणाऱ्या त्या बायकांचे कष्ट कुणी लक्षात ठेवले नाहीत, डिक्शनरीत गेलं ते फक्त त्यांचं तोंड. बाजार अजून आहे, पण १९८२ मध्ये तो जुन्या जागेवरून लंडनमधल्याच आइल ऑफ डॉग्ज भागात हलवला.