खुलासा: सुनावणीत उत्तर मिळालं नाही, म्हणजे सगळं आधीच ठरलंय असं नाही

‘शहराच्या अंदाजपत्रकावरील सुनावणीत सदस्य उत्तरच देत नाहीत, म्हणजे बोलून उपयोग नाही,’ असा संदेश फिरतोय. पहिला भाग बऱ्याचदा खरा असतो, निष्कर्ष मात्र चुकीचा. सुनावणीत सहसा म्हणणं फक्त ऐकून नोंदवून घेतात. चर्चा आणि मतदान नंतर होतं. मंजुरीपर्यंत मसुद्यातल्या रकमा बदलू शकतात. (काही वेळा खरंच आधी ठरलेलं असतं, हेही नाकारण्यात अर्थ नाही.)

बोलायला बहुधा दोन-तीन मिनिटंच मिळतात. गाऱ्हाण्यांची यादी वाचण्यापेक्षा लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातला खर्चाचा नेमका मथळा) सांगा, किती रक्कम हवी आणि ती कुठून वळवायची तेही सांगा. भांडवली (रस्ते, इमारती अशा टिकाऊ कामांचा) आणि महसुली (पगार, देखभाल असा नेहमीचा) खर्चाची गल्लत नको. रस्ताबांधणीचा निधी सहसा पगारासाठी वळवता येत नाही. आणि लेखी प्रत द्याच.