चिलटाची मादी, तिचं वय आणि तुमचा आक्षेप

ताई, चिलटाच्या मादीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही म्हणता, मादीचं वय वाढलं की अंडी घटतात असं लिहून मी बायकांना आडून 'लवकर उरका' सांगतेय, आणि नराबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. नराचं मान्य, ती चूक माझीच. पहिलं मात्र पटत नाही.

बाईच्या अंडाशयातला बीजांडांचा साठा जन्मालाच ठरलेला असतो. ड्रॉसोफिलाचं, म्हणजे पिकल्या केळ्यावर घोंघावणाऱ्या चिलटाचं (आंब्याची फळमाशी ती वेगळी) तसं नसतं. तिच्या अंडाशयात मूलपेशी असतात आणि त्या मोठेपणीही नवी अंडी घडवत राहतात. वयाबरोबर त्या पेशी कमी होतात, त्यांना जागेवर धरून ठेवणारे संकेत मंदावतात. घट दोघींच्यात दिसते, पण वाट निराळी. म्हणून माशीवरून बाईला सल्ला देता येत नाही, आणि मी तो दिलेलाही नाही.

एमएस्सीला असताना चिलटं वाढवायच्या रवा-गुळाच्या बाटल्यांमधून मी कोऱ्या, म्हणजे अजून समागम न झालेल्या, माद्या वेचायचे. २५ अंशांवर कोशातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत त्या वेगळ्या काढायच्या. अंग फिकट, पोटावर गडद ठिपका. त्या वयात नर पंख थरथरवत कितीही मागे लागला तरी ती पळते, लाथ मारते. म्हणजे कधी नकार द्यायचा हेही वयच ठरवतं. अंडी मोजताना मला ते सगळ्यात आधी दिसलं होतं, आणि लेखात नेमकं तेच राहून गेलं.

आता नर. त्याच्या वीर्यातून 'सेक्स पेप्टाइड' नावाचं प्रथिन मादीत जातं. ते १९८८ साली ओळखलं गेलं. त्याने ती जास्त अंडी घालते आणि आठवडाभर दुसऱ्या नराला सहसा जवळ येऊ देत नाही. नराच्या याच स्रावांमुळे वारंवार समागम झालेल्या मादीचं आयुष्य घटतं, हे १९९५ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे जिला आपण 'म्हातारी मादी' म्हणून मोजतो, तिच्या झिजेत नराचाही वाटा असतो. शिवाय वयस्क नराच्या वीर्याचीही ताकद कमी होते.

आणि वय व अंडी यांचं नातं किती गुंतागुंतीचं आहे त्यासाठी उत्क्रांतीचे अभ्यासक मायकेल रोझ यांचं चिलटांवरचं १९८४ चं काम बघा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी फक्त वयस्क माद्यांची अंडी पुढे वाढवली. त्या वंशातल्या माश्या जास्त जगू लागल्या. तरुणपणी मात्र त्यांच्या माद्या कमी अंडी घालत. नराचा भाग आज रात्री मूळ लेखात जोडते.