डॉसनच्या खाडीवरचं हरवलेलं गाणं

२०२० च्या टाळेबंदीत माझी पंधरा वर्षांची भाची चार महिने आमच्याकडे साताऱ्याजवळच्या गावी अडकली होती. रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही दोघी लॅपटॉप घेऊन माडीवर बसायचो. एके रात्री मी तिला म्हटलं, हॉस्टेलला असताना जी मालिका बघून मी उशी भिजवलीय, ती आज तुला दाखवते. ‘डॉसन्स क्रीक’. पहिला भाग लावला. चौघं पोरं पाण्याकाठी हसताना दिसली. आणि वाजत होतं भलतंच गाणं.

मी थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. तेच. मला वाटलं, फाइल चुकीची असेल. दुसरा भाग लावला, तिसरा लावला. सगळीकडे तेच दुसरं गाणं. भाची म्हणाली, “मावशी, एवढं काय त्यात? गाणंच तर आहे.” हे वाक्य गेली काही वर्षं माझ्या डोक्यात बसलंय, म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांब होणार आहे, वेळ असेल तेव्हाच वाचा.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. केविन विल्यमसन या लेखकाची ही मालिका ‘द डब्ल्यूबी’ या अमेरिकन वाहिनीवर जानेवारी १९९८ ते मे २००३ अशी चालली. सहा सीझन, १२८ भाग. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं केपसाइड नावाचं काल्पनिक गाव आणि तिथली शाळकरी मुलं: डॉसन, जोई, पेसी, जेन. चित्रीकरण झालं पार नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनला. शीर्षकाला वाजायचं पॉला कोल या गायिकेचं ‘आय डोन्ट वॉन्ट टू वेट’.

हे गाणं मालिकेसाठी लिहिलेलं नव्हतं. ते पॉला कोलच्या १९९६ सालच्या ‘धिस फायर’ या अल्बममधलं. तो अल्बम तिने स्वतःच निर्मित केला होता आणि त्यासाठी ग्रॅमीच्या ‘प्रोड्यूसर ऑफ द इयर’ विभागात तिला नामांकनही मिळालं. १९९८ मध्ये ‘बेस्ट न्यू आर्टिस्ट’चं ग्रॅमी मिळालं ते वेगळंच. ती मूळची मॅसॅच्युसेट्समधल्याच रॉकपोर्टची, समुद्रकाठच्या गावातली. म्हणजे लॉस एंजेलिसच्या मंडळींनी एक समुद्रकाठचं गाव कल्पनेतून उभं केलं आणि त्याला आवाज मात्र तिथल्याच एका लेकीचा मिळाला. मला हे फार आवडतं.

त्या रात्री चिडून मी मूळ गाणं शोधलं आणि पूर्ण लावलं. भाचीला दाखवायचं होतं की बघ, काय काढून टाकलंय. शीर्षकात गाण्याचं मुख्यतः धृपद यायचं. आयुष्य संपेपर्यंत मी थांबणार नाही, काय होणार ते मला आत्ताच कळायला हवं, अशा अर्थाचं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांच्या चेहऱ्यांवर ते असं काही बसायचं की गाणं पहिल्या प्रेमाच्या उतावळेपणाचं आहे याबद्दल आम्हाला कुणालाच शंका नव्हती. मी हॉस्टेलमध्ये ते शेकडो वेळा गुणगुणले असेन. कडवी कधी नीट ऐकलीच नव्हती.

भाचीने शब्द शोधून काढले आणि ती गाण्याबरोबर वाचायला लागली. पहिल्या कडव्यात १९४४ चं युद्ध आहे. घरी एक बाई आहे, पदरात दोन लेकरं, एक सहा महिन्यांचं, दुसरं तीन वर्षांचं. फोन खणखणला की तिच्या काळजात चर्र होतं. आपल्या मुलाला त्याचा बाप कळेल का, एवढीच तिची चिंता. दुसऱ्या कडव्यात तो माणूस परत येतो. पावसात भिजलेला, दारात उभा, अंगात बॉम्बचे तुकडे घेऊन. युद्ध त्याच्या आत तसंच राहतं आणि त्याला मायेने वागणं जमत नाही. वर्षं जातात, त्याला नाती होतात. पॉला कोलने हे आपल्या आजोबांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि १९४६ ला घरी आले. ज्या माडीवर आम्ही बसलो होतो ती त्यांचीच. त्यांना झोपेतून उठवायचं असेल तर उंबऱ्याबाहेर उभं राहून हाक मारायची, अंगाला हात लावायचा नाही, हा घरातला पक्का नियम होता. आम्ही नातवंडं तो इतका सहज पाळायचो की का, असं कुणी कधी विचारलंही नाही. आजी सांगायची, ती तीन वर्षं पोस्टमन गल्लीत शिरला की तिच्या हातातलं काम हातातच राहायचं. त्यापलीकडे ती काही बोलली नाही आणि आजोबा तर त्याबद्दल कधीच बोलले नाहीत.

वाचता वाचता भाची थांबली आणि म्हणाली, “मावशी, हे तर पणजोबांचं गाणं आहे.”

मग आम्ही मालिका पुढे बघितली नाही. बराच वेळ नुसत्या बसून राहिलो.

आता माझं म्हणणं. टीनएज मालिकेतलं गाणं मालिकेच्या अंगातच वाढलेलं असतं. ते वरवरची सजावट म्हणून काढता येत नाही. ज्या वयाच्या मुलांबद्दल या मालिका असतात त्या वयात स्वतःचे शब्द अपुरे पडतात. जोईला डॉसनशी जे बोलता येत नाही ते गाणं बोलतं. लेखकाने प्रसंग लिहिताना, संकलकाने तो कापताना, दिग्दर्शकाने शेवटचा चेहरा किती सेकंद धरायचा ते ठरवताना ते विशिष्ट गाणं हिशोबात घेतलेलं असतं. ते काढून त्याच लांबीचं दुसरं घातलं की प्रसंग चालू राहतो, पण त्यातला श्वास जातो.

मग काढतात का? कारण रुक्ष आहे, पण समजून घेण्यासारखं आहे. मालिकेत तयार गाणं वापरायचं तर दोन वेगवेगळे हक्क घ्यावे लागतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, ज्याला सिंक म्हणतात. दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा, म्हणजे मास्टरचा. पहिला गीतकार-संगीतकार किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे, दुसरा बहुतेक वेळा रेकॉर्ड कंपनीकडे. नव्वदच्या दशकात अनेक मालिकांनी हे हक्क फक्त टीव्हीपुरते आणि ठरावीक मुदतीसाठी घेतले, कारण तेवढंच स्वस्त पडायचं. लोक पुढे मालिकांचे संच विकत घेऊन घरी बघतील, मग इंटरनेटवर बघतील, हे तेव्हा कुणाच्या करारात नव्हतं. डीव्हीडी आल्या तेव्हा प्रत्येक गाण्याचा नवा सौदा, स्ट्रीमिंग आलं तेव्हा पुन्हा नवा. एका भागात पाच-सहा गाणी आणि भाग १२८. ‘डॉसन्स क्रीक’च्या तिसऱ्या सीझनपासूनच्या डीव्हीडींवरच पॉला कोलचं गाणं गेलं आणि त्या जागी कॅनडाच्या जॅन आर्डनचं ‘रन लाइक मॅड’ आलं. आतल्या प्रसंगांतलीही कितीतरी गाणी बदलली गेली. जॅन आर्डनच्या गाण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते चांगलंच गाणं आहे. फक्त त्या पाण्याकाठचं ते नाही.

यावर एक मित्र मला म्हणाला होता की ही गाणी म्हणजे शेवटी जाहिरातच होती. त्याचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. डब्ल्यूबीवर भाग संपला की अल्बमचं मुखपृष्ठ पडद्यावर यायचं आणि आजच्या भागात अमक्याचं संगीत होतं असं सांगितलं जायचं. सिक्सपेन्स नन द रिचर या बँडचं ‘किस मी’ या मालिकेत वाजलं आणि १९९९ मध्ये ते अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याच वर्षी मालिकेतल्या गाण्यांचा स्वतंत्र अल्बमही आला. व्यवहार होताच. पण व्यवहारातून आलेली गोष्ट मनात रुजत नाही असं कुठे आहे? आणि मला तर ती पाटी फार प्रामाणिक वाटायची. ज्याचं गाणं उसनं घेतलं त्याचं नाव मोठ्याने घ्यायचं. आज एक भाग संपायच्या आत पुढचा सुरू होतो, नावं वाचायलाही मिळत नाहीत.

गाणं प्रसंगाला कुठे नेऊ शकतं ते बघायचं असेल तर ‘द ओ.सी.’ बघा. २००३ ते २००७, फॉक्स वाहिनी, ९२ भाग. जॉश श्वार्ट्झने ती निर्माण केली तेव्हा तो विशीतच होता. त्यातली गाणी निवडायची अ‍ॅलेक्झांड्रा पॅट्साव्हस. माझ्या मते त्या मालिकेच्या लेखकांइतकंच श्रेय या बाईंचं आहे. तिथला सेथ नावाचा मुलगा डेथ कॅब फॉर क्यूटी या बँडचा इतका भक्त की गाण्यांची आवड हाच त्याचा स्वभाव म्हणून लिहिला गेला, आणि दुसऱ्या सीझनमध्ये तो बँड खरोखरच मालिकेत येऊन वाजवून गेला. आमच्यासारख्या मुलींना अशा बँडची नावं कळण्याचा दुसरा कुठलाच रस्ता नव्हता.

आणि मे २००५ मधला दुसऱ्या सीझनचा शेवट. इमोजेन हीपचं ‘हाइड अँड सीक’. त्या गाण्यात एकही वाद्य नाही. फक्त तिचा एक आवाज, यंत्रातून जाऊन त्याचे अनेक झालेले. त्या भागात ते दोनदा येतं. एकदा अंत्यविधीला आणि एकदा अगदी शेवटी, मालिकेतल्या मरिसा या मुलीच्या हातून गोळी सुटते तेव्हा. गोळीनंतर कुणी किंचाळत नाही की पार्श्वसंगीत उसळत नाही, फक्त तो माणसाचा आणि तरी माणसाचा नसलेला आवाज उरतो. पुढे त्या प्रसंगाची खूप टिंगल झाली, विडंबनं झाली. मी आजही तो प्रसंग बघताना हसू शकत नाही. मरिसाने काय केलंय ते तिला अजून कळलेलं नाही, आणि ते न कळणं त्या आवाजात आहे. तिथे दुसरं कुठलंही गाणं घालून बघा, उरेल फक्त एक बंदूक.

गाणी जपायची ठरवली तर जपता येतात, हेही सांगते. १९९९-२००० मधली ‘फ्रीक्स अँड गीक्स’ ही अवघ्या १८ भागांची मालिका. ती घडते १९८० च्या सुमारास, त्यामुळे त्या काळच्या रॉक संगीताशिवाय तिला अर्थच नाही. निर्माते अडून बसले, प्रेक्षकांनी अर्ज केले, आणि शाउट फॅक्टरी या कंपनीने २००४ मध्ये सगळी मूळ गाणी राखून डीव्हीडी काढल्या. चार वर्षं लागली. पण जी मालिका बनवली होती तीच लोकांच्या हातात आली.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळा आहे, कारण आपली शीर्षकगीतं मालिकेसाठीच जन्माला येतात. ‘आभाळमाया’चं गीत मंगेश कुळकर्णींनी त्या मालिकेसाठी लिहिलं, अशोक पत्कींनी त्यासाठीच चाल दिली, देवकी पंडितांनी ते गायलं. उद्या कुणी ‘आभाळमाया’ दुसऱ्याच गाण्यासकट दाखवली तर आपल्या आयांना कसं वाटेल, एवढाच विचार करून बघा. मला त्या रात्री तस्संच वाटलं होतं.

२०२१ मध्ये चांगली बातमी आली. ‘डॉसन्स क्रीक’च्या अमेरिकेतल्या स्ट्रीमिंग आवृत्तीत पॉला कोलचं गाणं परत आलं. मात्र मूळ ध्वनिमुद्रण नव्हे. तिने तेच गाणं स्वतः पुन्हा गाऊन मुद्रित केलं. वर दोन हक्कांचं सांगितलं ते इथे कळतं: गाणं तिचंच लिहिलेलं, मग जुन्या मास्टरला हातही न लावता नवा मास्टर तयार करता येतो. मूळ गायली तेव्हा ती तिशीच्या आत होती, परत आली तेव्हा त्रेपन्न वर्षांची. मी दोन्ही एकामागोमाग एक ऐकली. नव्यात मला आवाज थोडा खाली बसल्यासारखा वाटला. मला दोन्ही हवीत. तरुण मुलांच्या चेहऱ्यांवर वयस्क आवाज मला खटकला नाही, उलट आजोबांचं कडवं आता तिच्या आवाजाला जास्त शोभतं असं वाटलं. शीर्षकाचा करार झाला म्हणून आतल्या प्रसंगांतली बदललेली गाणी मात्र आपोआप परत येत नाहीत. त्यांचं कुणी बोलतही नाही.

म्हणून एक विनंती. हॉस्टेलला आमच्या मजल्यावर एकच कॉम्प्युटर होता, माझ्या रूममेटचा. लॅनवरून, म्हणजे हॉस्टेलच्या अंतर्गत नेटवर्कवरून मिळालेले भाग त्यात साठवलेले असायचे. ते थेट अमेरिकन टीव्हीवरून रेकॉर्ड केलेले होते. कोपऱ्यात डब्ल्यूबीचा लोगो, शेवटी अल्बमची पाटी, सगळं जसंच्या तसं. गेल्या महिन्यात तिने ती जुनी हार्ड डिस्क कपाटातून शोधून काढली. ४१ भाग उघडले, बाकीचे उघडत नाहीत. मी वही घेऊन बसलेय. प्रत्येक भागात कुठल्या मिनिटाला कुठलं गाणं होतं आणि आताच्या आवृत्तीत तिथे काय आहे, असे दोन रकाने. भाची आता कॉलेजात आहे, सुट्टीत आली की दुसरा रकाना ती भरते. तिसऱ्या आणि चौथ्या सीझनचे आमच्याकडे फार थोडे भाग आहेत. कुणाच्या जुन्या डिस्कवर, सीडीवर लोगोवाले भाग पडलेले असतील तर कृपा करून पुसू नका. ते मला पाठवायची गरज नाही. फक्त चालवून बघा, गाण्यांची नावं लिहा आणि मला इनबॉक्स करा.