चालू गाडीत बॅटरीची वायर काढायची नसते

रविवारी दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, डेक गेला. कन्सोलवरचे काटेपण हलेनात." काय केलंस म्हणून विचारलं, तर म्हणे, "काही नाही, डायनामो चेक केला." घरच्याच ग्रुपवर आलेला मेसेज वाचून पोराने दहा नंबरचा पाना घेतला आणि चालू गाडीत बॅटरीची निगेटिव्ह काढली. त्याआधी गाडीची तक्रार एवढीच होती, की बास वाजला की हेडलाईट मंद व्हायचे.

तो मेसेज मी आधीही दोन ठिकाणी पाहिला होता आणि न बोलता पुढे गेलो होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. गेली बावीस वर्षं मी कराडात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतोय, तेव्हा आता सगळंच लिहितो.

मेसेज असा आहे: गाडीत अँप (आवाज वाढवणारा ॲम्प्लिफायर) आणि सबवूफर (बासचा स्पीकर) बसवल्यावर लाईट मंद होत असतील तर गाडी चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीची निगेटिव्ह काढा. गाडी बंद पडली तर डायनामो खराब, चालू राहिली तर बॅटरी खराब. शिवाय, १ फॅरडचा कपॅसिटर (वीज साठवून झटकन सोडणारा डबा) लावा म्हणजे लाईट हलणार नाहीत. फ्यूज उडत असेल तर मोठा टाका. मीटरवर १२ व्होल्ट दिसले की बॅटरी फुल. चालू गाडीत १४ च्या खाली दिसलं की डायनामो गेला. आणि मोठी बॅटरी बसवली की डायनामोकडे बघायची गरज नाही.

पहिली गोष्ट आधी घेतो, कारण बाकीच्या सगळ्या मिळून करतील तेवढं नुकसान ही एकटी करते.

इंजिन चालू असताना बॅटरी नुसती भरत बसलेली नसते. अल्टरनेटरमधून (ज्याला आपण डायनामो म्हणतो, त्या इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रातून) येणारा व्होल्टेजचा चढउतार ती पोटात घेत असते. अल्टरनेटर तीस-चाळीस अँपिअर बॅटरीत ढकलतोय आणि तेवढ्यात तुम्ही वायर काढली, तर त्या करंटने जायचं कुठे? रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, चुंबक बनवणाऱ्या फील्ड कॉइलचा पुरवठा तोडतो, पण रोटरमधलं (आतल्या फिरत्या भागातलं) चुंबकत्व त्याच क्षणी मरत नाही. ते उतरेपर्यंत व्होल्टेज उसळी मारतं. किती मारतं ते अंदाजाने सांगत नाही. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तू कशा तपासायच्या याचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १६७५०, भाग २. चालू गाडीत बॅटरी अचानक सुटली तर काय होईल, याची वेगळी चाचणीच त्यात दिली आहे. १२ व्होल्टच्या गाडीसाठी तिथला आकडा ७९ ते १०१ व्होल्ट आहे. ही उसळी ४० ते ४०० मिलिसेकंद टिकते. अल्टरनेटरच्या आत ती दाबणारे डायोड असतील तरी हिशेब ३५ व्होल्टचा धरतात. १४ व्होल्टवर चालणाऱ्या डेकला ३५ सुद्धा पुष्कळ झाले. म्हणजे गाडी बनवणारे ज्याला अपघात समजून तयारी करतात, तेच हा मेसेज आपल्याला हाताने करायला सांगतोय. वर रेस द्यायलाही सांगतोय, म्हणजे उसळी आणखी मोठी. आणि बॅटरी उतरलेली असली की अल्टरनेटर जास्त करंट देत असतो. नेमकं अशाच वेळी लोक ही ट्रिक करून बघतात.

भाच्याचा डेक आणि कन्सोल त्यात गेले. इंजिनाचा ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वाचला हे नशीब. तो गेला असता तर गाडी तिथेच उभी राहिली असती.

बरं, एवढा धोका पत्करून कळतं काय? काहीच नाही. मेकॅनिकल पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झालं की करंट लागत नाही. जुन्या जीपा बंद करायला नॉब ओढावा लागायचा तो म्हणूनच. तिथे डायनामो पूर्ण मेलेला असला तरी गाडी चालूच राहणार, आणि तुम्ही चांगली बॅटरी बदलून येणार. पेट्रोल गाडीत अल्टरनेटरचा एखादा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) उडाला तरी इंजिन चालण्यापुरता करंट निघतो. मग "पास" झालेला डायनामो पुढच्या आठवड्यात रस्त्यात दगा देतो. डायोडचा संशय असेल तर मीटर एसीवर ठेवून चालू गाडीत बॅटरीवर बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर अल्टरनेटर उघडायला हरकत नाही.

ही ट्रिक कोणी हवेतून काढलेली नाही, एवढं मान्य करतो. जुन्या फियाट-अँबेसेडरना खराखुरा डायनामो असायचा, कटआउट (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा स्विच) वेगळा असायचा, आणि गाडीत बल्ब, हॉर्न, कॉइल-पॉइंट सोडले तर जळण्यासारखं काही नसायचं. माझे वस्ताद असं करायचे, मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हाही मधूनच बल्ब उडायचे, पण बल्बवरच भागायचं. आपण अल्टरनेटरला आजही डायनामोच म्हणतो, त्यामुळे ट्रिकही नावाबरोबर टिकून राहिली. आतली वस्तू मात्र कधीच बदलली आहे.

आता फ्यूज. मोठा फ्यूज टाका हे लिहिणाऱ्याने जळलेली गाडी जवळून पाहिलेली नाही. फ्यूज अँपला वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून तो बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा, आणि वायरला झेपेल तेवढाच हवा. फ्यूज सारखा उडतोय याचा अर्थ वायर कुठेतरी घासतेय किंवा अँप जास्त ओढतोय. बॉनेटमधून वायर आत येते त्या पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट आहे का, आधी तिथे बघा. नसेल तर पत्र्याची धार रोज थोडं थोडं इन्सुलेशन कापत असते. ४० च्या जागी १०० चा फ्यूज टाकलात तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेटेल, तीही सीटच्या कार्पेटखाली.

कपॅसिटरचं गणित कोणीही करू शकतो. १ फॅरडचा कपॅसिटर १४ व्होल्टवरून १२ वर उतरेपर्यंत २६ ज्यूल देतो. ५०० वॅट ओढणाऱ्या अँपला ते सेकंदाचा विसावा भाग पुरतात. बासचा एक ठोकाही त्यात निघत नाही. ठोक्याच्या सुरुवातीची बारीक घसरण त्याने थोडी कमी दिसते, हे खरं. पण पुढच्या क्षणी तोच कपॅसिटर परत भरायचं काम अल्टरनेटरवरच येतं. लाईट मंद होतात ते लगेच डोळ्यांत भरतं, कारण साध्या बल्बमध्ये व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळजवळ ३० टक्के पडतो. एलईडी हेडलाईट असतील तर व्होल्टेज पडूनही काही दिसणार नाही. म्हणून लाईटवरून निदान करायचंच नाही, मीटर लावायचा.

१२ व्होल्ट म्हणजे फुल हे सरळ चूक आहे. बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी २.१, म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ दाखवते. १२.२ ला ती अर्धी असते, १२.० ला साधारण पाव. तेही गाडी काही तास बंद ठेवून बघायचं. गाडी बंद करून लगेच मीटर लावलात तर खोटा जास्तीचा आकडा येतो.

चालू गाडीत १४ च्या खाली म्हणजे डायनामो गेला, हे जुन्या गाड्यांना बरंचसं लागू आहे. तिथे १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत ईसीएम स्वतः चार्जिंग कमी-जास्त करतो. मारुतीच्या स्मार्ट हायब्रिडमध्ये ब्रेक मारताना चार्जिंग वाढतं आणि एरवी उतरतं. तिथे १२.८ बघून डायनामो काढू नका. अशा गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा सेन्सर असतो. अँपची अर्थ (निगेटिव्हची वायर) थेट बॅटरीच्या खुंटीला लावली तर तो करंट सेन्सरला कळतच नाही आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. अर्थ बॉडीलाच द्यायची.

मोठ्या बॅटरीबद्दल एवढंच, की गाडी बंद ठेवून गाणी ऐकायची असतील तर तिचा उपयोग आहे. चालू गाडीत जे जातं ते शेवटी अल्टरनेटरलाच भरून द्यावं लागतं. खरे १००० वॅट देणारा अँप नव्वद अँपिअरच्या आसपास ओढतो, आणि लहान गाडीच्या अल्टरनेटरचा एकूण जीवच साधारण तेवढा असतो. मात्र डब्यावरच्या "२००० वॅट" वर जाऊ नका. अँपला तीसचे दोन फ्यूज असतील तर आत आठशे वॅटच जातात, बाहेर दोन हजार कुठून येणार?

मग भाच्याच्या गाडीत बिघडलं होतं काय? दुकानातला जुना डेक तात्पुरता जोडला आणि बास लावला. बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर १३.९, ठोक्याला जेमतेम हलतोय. म्हणजे अल्टरनेटर आणि बॅटरी दोन्ही ठीक. मग मीटर २० डीसीवर ठेवून एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरं अँपच्या अर्थ टर्मिनलवर धरलं. प्रत्येक ठोक्याला १.१ व्होल्ट. तिथे ०.१-०.२ च्या वर काही दिसायला नको. अँपकडचं टोक तसंच ठेवून दुसरं बॉडीच्या पत्र्यावर आणलं, तर जवळजवळ शून्य. म्हणजे खोट अँपच्या अर्थमध्ये नव्हती, बॅटरीपासून बॉडीला येणाऱ्या कंपनीच्या वायरमध्ये होती. हेडलाईटची अर्थही बॉडीलाच, म्हणून अँपने करंट ओढला की तेही मंद व्हायचे.

बोल्ट सोडला. थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या कडीखाली) हिरवट पांढरी पूड साचलेली, आणि इन्सुलेशन मागे सोललं तर आतली तांब्याची तार बोटभर काळी पडलेली. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला आणि नवी जाड वायर टाकली. ती टाकायच्या आधी एक काडी ब्लेडने खरवडून पाहिली, आतूनही तांबडीच आहे ना म्हणून. स्वस्तातल्या वायरीला वरून तांब्याचा नुसता मुलामा असतो आणि आत ॲल्युमिनियम निघतं. दोन्हीकडे थिंबल दाबून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. परत मीटर लावला तर ०.०५.

अर्ध्या तासाचं काम होतं. संध्याकाळी बास लावून बघितलं, हेडलाईट हलले नाहीत. डेक आणि कन्सोलचा खर्च मात्र ताईच्या घरावर येऊन पडलाय.